सगळ्यांच्या तारखा सांभाळता, स्वतःची एक तरी तारीख आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ३८, सीए आहे, सोलापुरात स्वतःची प्रॅक्टिस. सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ-दहापर्यंत ऑफिस. वजन ६८, म्हणजे जाड नाही. तरी दुपारी तीननंतर डोकं चालत नाही, घरी गेलो की चिडचिड. जिमची वर्षाची फी भरली, अकरा दिवस गेलो. स्वतःच्या तब्येतीची जबाबदारी घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं? शिस्त कुठून आणायची?"

अकरा दिवस म्हणजे बरेच आहेत राव, माझे सात होते.

मी इथलाच फिजिशियन, चोवीस वर्षं झाली ओपीडी करतोय, आणि आठवड्यातल्या दोन दुपारी चिंचोळी एमआयडीसीत कामगारांच्या तपासण्या करायला जातो. तुमच्यासारखे म्हणजे सीए, वकील, बँकेचे मॅनेजर, कारखानदार आणि हो, डॉक्टरसुद्धा, सगळे खुर्चीत बसले की एकच वाक्य बोलतात, "सर, कळतं पण वळत नाही." आणि मी आता तोंडावर सांगतो की वळत नाही हे खरं असेल पण कळतं हे अर्धं खोटं आहे. थकवा येतो एवढं कळतं, कशामुळं येतो ते बघितलेलंच नसतं. एखादा क्लायंट तुमच्याकडं येऊन म्हणाला की धंदा चालतोय पण पैसा कुठं जातो समजत नाही, तर तुम्ही त्याला शिस्त लावा म्हणून सांगता का आधी बँक स्टेटमेंट मागता? मग इथं डायरेक्ट शिस्तीवर कुठं उडी मारताय.

तर आधी स्टेटमेंट.

वजन ६८ म्हणून जाड नाही, हे तुमचं वाक्य मी पेनानं गोल करून ठेवलंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, या दोघांनी २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता, शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी एकच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२ टक्के. म्हणजे काट्यावर बारीक, आतून भरलेले, आणि आपण बहुतेक सगळे त्याच गोत्राचे. म्हणून काटा सोडा आणि शिंप्याची टेप घ्या. बरगडी संपते आणि कमरेचं हाड लागतं त्याच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. पुरुषाचं ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईचं ८० च्या वर असलं की मी शुगर-बीपी न बघता सोडत नाही. पँटच्या साइजवर जाऊ नका, पँट आपण पोटाच्या खाली घालतो, ती वर्षानुवर्षं ३४ च राहते.

मग रक्त. सीबीसी, उपाशीपोटीची शुगर, एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), थायरॉइडची टीएसएच, बी१२, किडनीचं क्रिएटिनिन, लिपिड, लिव्हरचे एन्झाइम आणि लघवी, बास. सत्तर-ऐंशी टेस्टचं पॅकेज घेऊ नका, एवढ्यात एखादी तरी लाल अक्षरात येतेच आणि मग मूळ थकवा राहतो बाजूला आणि तुम्ही त्या लाल अक्षरामागं धावत बसता. एचबीए१सी ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर उभे, ६.५ आणि वर म्हणजे डायबेटिस, आणि त्रास काही नसेल तर एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही, परत करून बघायची. शिवाय लोह कमी असेल तर ही टेस्ट खोटीच वाढलेली येऊ शकते, म्हणून हिमोग्लोबिनसोबत वाचायची. बी१२ मी मुद्दाम घातलंय. पूर्ण शाकाहारी माणूस, त्यात रोज सकाळी उपाशीपोटी अॅसिडिटीची गोळी तीन-चार वर्षं चालू (आणि ती कोणी सुरू केली विचारलं तर "मेडिकलवाल्यानं"), असं कॉम्बिनेशन असलं की बी१२ खाली असण्याचा चान्स बराच असतो. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेणाऱ्यांचंही तेच.

हे सगळं आधी का करायचं त्याचं एक उदाहरण देतो. एका बँकेतल्या मॅडम, चाळिशीच्या, स्वतःला आळशी म्हणायच्या. सकाळी दोन डबे, मग ब्रँच, मग टार्गेटच्या मीटिंग, रात्री मुलांचा अभ्यास, आणि हे सगळं करून "माझ्यात विल पॉवरच नाही" म्हणून पहाटे पाचला उठून योगा सुरू केलेला, आणि मग दिवसभर अजूनच गळून जायच्या. हिमोग्लोबिन निघालं ८.२. बायकांचं १२ च्या खाली म्हणजे अॅनिमिया, यांचं तर पार खाली गेलेलं, आणि कारण पाळीत जास्त जाणारं रक्त, जे त्यांनी चार वर्षं कुणाला सांगितलंच नव्हतं. लोह आणि गायनॅकची ट्रीटमेंट झाली, तीन महिन्यांनी जिने चढताना थांबावं लागेना. आता यात शिस्तीचा काय संबंध होता सांगा?

दुसरे एक कारखानदार, झोप आठ तास, तरी सकाळी उठले की डोकं जड, हैदराबाद रोडला गाडी चालवताना डुलकी लागलेली दोनदा. घरात घोरण्यामुळं बायकोनं वेगळी खोली केलेली आणि मधेच श्वास थांबतो असं ती सांगत होती, हे हसत हसत सांगितलं त्यांनी. ते हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. झोपेत श्वास अडकतो, ऑक्सिजन पडतो, मेंदू रात्रभर जागा होत राहतो, बीपी गोळ्यांनाही दाद देत नाही. त्याची टेस्ट आता घरी झोपूनसुद्धा होते. श्वासाचं मशीन लावून झोपायला लागल्यावर पंधरा दिवसांत माणूस बदलला.

आणि रिपोर्ट सगळे स्वच्छ, पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस कशातच मन लागत नाही, ज्यात आनंद वाटायचा त्यातही नाही, पहाटे तीन-चारला जाग येऊन छातीत धडधड, तर तो थकवा मनाचा आहे आणि त्याचाही डॉक्टर असतो. कुणाला सांगायची लाज वाटत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

समजा तुमचं यातलं काहीच निघालं नाही. मग येतो रोजचा हिशेब, आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला जमेल. चहा किती? "दोन-तीन" असं सगळे सांगतात. मग मी म्हणतो आजचे मोजू, घरचे दोन, ऑफिसात पोचल्यावर एक, क्लायंट आला की त्याच्यासोबत, जीएसटी भवनला गेलात की बाहेरच्या टपरीवर, झाले सात. दोन चमचे साखर धरली आणि चमचा साडेचार ग्रॅमचा धरला तर ६३ ग्रॅम साखर, नुसत्या चहातून. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, म्हणते वरून घातलेली साखर दिवसभराच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, आणि जमलं तर २५. शिवाय कॅफीन अर्धं उतरायलाच पाचेक तास लागतात, सहा वाजताच्या चहाचा अर्धा भाग रात्री अकराला अंगात असतो. मग झोप उथळ, सकाळी जड, म्हणून परत चहा. ही उधारी फेडायला नवी उधारी काढल्यासारखं आहे, आणि असे धंदे कसे बुडतात ते तुम्ही रोज बघता. मी चहा बंद करा म्हणत नाही, सोलापुरात राहून तसं म्हटलं तर ओपीडी बंद पडेल. चार करा, साखर एक चमचा, शेवटचा चारच्या आत. (ज्यांच्या खिशात माव्याची पुडी असते त्यांना वेगळं उत्तर आहे आणि ते एकाच शब्दाचं आहे: थुंका.)

दुपारी तीनला डोकं बंद पडतं त्याचं मोठं कारण जेवण आणि त्यानंतरचं बसणं. आमच्याकडं एक जबरदस्त गैरसमज आहे, "ओ डॉक्टर, आम्ही ज्वारी खाणारी माणसं, आम्हाला कुठनं येतंय शुगर?" मंगळवेढ्याची ज्वारी मलाही जीव की प्राण आहे, फायबरला चांगलीच आहे, पण तीन भाकरी, वर भात, सोबत पातळ आमटी आणि चवीपुरती भाजी, हे ताट बघितलं तर वरपासून खालपर्यंत पिठूळच आहे. भाकरी एक ते दीड, आमटीच्या जागी घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ वाटीभर, दही, खात असाल तर दोन अंडी. साधारण किलोला एक ग्रॅम प्रोटीन धरा, तुमचं झालं ६५-७०, आणि एका वाटी डाळीत सात-आठच असतं, दोन अंड्यांत बारा, म्हणजे किती कमी पडतं बघा. शेंगा चटणी चांगली, मूठभर शेंगदाण्यात सात-आठ ग्रॅम प्रोटीन मिळतं, पण चटणीत मीठ आणि तेल पण असतं, म्हणून ती चटणीसारखीच खायची, भाजीसारखी नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये बिस्किटाऐवजी कडक भाकरी आणि फुटाणे ठेवा, कडक भाकरीचा शोध आपल्या लोकांनी टिकावी आणि प्रवासात न्यावी म्हणून लावला, तुमचा ऑडिटचा सप्टेंबर प्रवासापेक्षा काय वेगळा असतो.

आणि जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर पायाचे स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, चढ कमी होतो आणि मग ती तीनची घसरगुंडी पण कमी होते. एवढी एकच गोष्ट केलीत तरी मला चालेल.

आता मूळ मुद्दा. हे सगळं तुम्हाला आज माहीत झालं, आणि सहा आठवड्यांनी तुम्ही परत तिथंच असाल, हेही मला माहीत आहे. कारण माहितीनं काही होत नाही. हे मी वैतागून म्हणत नाही, याचा पुरावा आहे. अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, २००२ साली छापून आला, उंबरठ्यावरच्या ३२३४ लोकांचा. एका गटाला खोटी गोळी, एका गटाला मेटफॉर्मिन, एका गटाला आहार आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, वजन ७ टक्के कमी करायचं. सरासरी पावणेतीन वर्षांनी बघितलं तर मेटफॉर्मिनवाल्यांत डायबेटिस होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी आणि चालणाऱ्यांत ५८ टक्क्यांनी. हे आकडे सगळे डॉक्टर सांगतात. पण त्यातली जी गोष्ट कुणी सांगत नाही ती ही की चांगलं खा, वजन कमी करा, चाला, हा सल्ला तिन्ही गटांना लेखी दिलेला होता! खोटी गोळी खाणाऱ्यांनाही. फरक एवढाच की तिसऱ्या गटातल्या प्रत्येकाला एक माणूस नेमून दिला होता, पहिल्या चोवीस आठवड्यांत समोरासमोर बसून सोळा धडे, आणि नंतरही भेटी चालू. वजन किती, किती चाललात, का नाही चाललात. माहिती सगळ्यांकडं होती, तगादा एकाकडंच होता.

तुमचंच बघा ना. २० तारखेला जीएसटीचं थ्रीबी रिटर्न जातंच, ७ ला टीडीएस भरला जातोच, त्या दिवशी ताप असला तरी. तुम्ही फार शिस्तीचे आहात म्हणून नाही, तर तारीख ठरलेली आहे, दंड ठरलेला आहे आणि कुणीतरी फोन करणार आहे म्हणून. शरीर मात्र असा पक्षकार आहे की तो फोनच करत नाही. दहा-बारा वर्षं गप्प बसतो आणि मग एकदम जप्तीच आणतो. तेव्हा जबाबदारी घ्यायची म्हणजे त्याच्या वतीनं तारखा आपणच लावायच्या आणि तगादा लावणारा माणूस आपणच नेमायचा. रात्री पलंगावर पडून स्वतःला शिव्या घालणं म्हणजे जबाबदारी नव्हे, त्यानं फक्त आपण काहीतरी केलं असं वाटतं आणि सकाळी परत तेच.

हे मला कधी कळलं तर २०१४ मध्ये. ओपीडीत बीपीचं नवीन मशीन आलं होतं, सिस्टरनी चालतंय का बघायला माझ्याच दंडाला पट्टा लावला, आकडा आला १६४ वर १०२. मी म्हटलं मशीन खराब आहे, परत पाठवा. जुन्या मशीनवर घेतलं, १६०. मग म्हटलं टेन्शन आहे, पेशंट खूप आहेत, आणि असं म्हणत मी चार महिने काढले, मी, जो दिवसाला पंधरा जणांना बीपीवरून झापतो. गोळी सुरू केली ती एका रिटायर्ड मास्तरांमुळं. ते स्वतःच्या बीपीची वही आणायचे, एकदा वही दाखवून झाल्यावर चष्म्यावरून बघत म्हणाले, "माझं झालं, तुमचं किती?" मी खोटं बोललो. त्यांनी ओळखलं असावं, कारण पुढच्या वेळी त्यांनी माझ्यासाठी एक कोरी वही आणली, शंभर पानी, वर माझं नाव घालून. आता मास्तर दर महिन्याला येणार आणि वही मागणार म्हटल्यावर काय करता. माझी गोळी, माझं चालणं, माझं मीठ, सगळं त्या माणसाच्या लाजेनं सुरू झालं, मेडिकल कॉलेजात शिकलेल्या ज्ञानानं नाही.

म्हणून तुम्हाला पण वहीच सांगतो. मोबाइलमध्ये नको, मोबाइल उघडला की ग्रुप दिसतात. साधी कीर्द, रोज एक ओळ: किती तास झोप, किती मिनिटं चाललो, शेवटचा घास किती वाजता. तीनच आकडे, चौथा घातलात की पंधरा दिवसांत वही बंद पडते. आणि रविवारी रात्री आठला आठवड्याची बेरीज एका माणसाला पाठवायची आणि त्यानं त्याची तुम्हाला. स्पष्टीकरण लिहायचं नाही. "या आठवड्यात ऑडिट होतं ना" वगैरे काही नाही, नुसता आकडा. आकडा नाही आला तर समोरच्यानं फोन करायचा, एवढाच करार. हा माणूस तुमच्याच धंद्यातला असेल तर फार बरं, त्याला तुमचा सप्टेंबर समजतो आणि थापाही समजतात.

बायकोला हे काम देऊ नका. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. नवऱ्याला घरात डोळ्यासमोर भजी खाताना बघायचं आणि वर हवालदारकी पण करायची, यात तिचं डोकं फिरतं आणि तुमचं पण. तिनं विचारलं की ती टोचून बोलली असं वाटतं आणि मग मुद्दाम जास्त खाल्लं जातं, अशी भांडणं माझ्या केबिनमध्ये आठवड्याला एक तरी होतात.

तारखा अशा लावा की तुमच्या तारखांना चिकटून येतील. २१ तारीख, थ्रीबी झाल्याचा दुसरा दिवस, कमरेचा घेर. तिमाहीचा अॅडव्हान्स टॅक्स झाला की पुढचे सात दिवस सकाळ-संध्याकाळ घरी बीपी. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या लेव्हलला, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, एक मिनिट सोडून दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे टाकून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा, १३५/८५ किंवा वर आली तर डॉक्टर. रक्ततपासणी वाढदिवसाच्या महिन्यात, म्हणजे विसरायला जागा नाही.

सीझनचं मात्र वेगळं ठेवा, इथंच सगळ्यांचं फसतं. जुलै, सप्टेंबर, मार्च या महिन्यांत तुम्ही तासभर चालणार नाही हे तुम्हाला पण माहीत आहे आणि मला पण. तरी तोच संकल्प धरून बसता, चार दिवस खाडे पडतात आणि मग "आता एकतीसनंतर बघू". त्यापेक्षा सीझनचा वेगळा दर ठरवा, आधीच, लिहून: झोप साडेसहाच्या खाली नाही, दुपारी जेवून दहा मिनिटं चालणं, रात्रीचं जेवण ऑफिसातच साडेआठला डब्यातलं. एवढं झालं तर वहीत टिक. पाच मिनिटं चालणं हा खाडा नाही, शून्य हा खाडा. एक खाडा माफ, लागून दुसरा नाही.

सोलापूरचे म्हणून काही खाडे ठरलेले आहेत, ते आधीच धरून चला. जानेवारीत गड्ड्याची जत्रा लागली की होम मैदान भरून जातं, तिथं चालणारे थांबतात, आणि जत्रा उठल्यावर त्यातले बरेच परत दिसतच नाहीत, दरवर्षी बघतो मी. जत्रेच्या आधीच दुसरी जागा ठरवा, कंबर तलाव म्हणा, तुमची कॉलनी म्हणा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा सकाळी साडेसहाच्या आत उरका नाहीतर ऑफिसच्या पॅसेजमध्ये आणि जिन्यात चाला, उन्हात जाऊन मर्दुमकी नको. पाण्याचं तर विचारूच नका, वर्षानुवर्षं काही दिवसांआड आणि कधी रात्री कधी पहाटे, मोटार लावायला उठायचं, त्या रात्रीची झोप गेलीच. त्या दिवशी दुपारी वीस मिनिटं गजर लावून डोळे मिटा, वीसच, तासभर झोपलात तर उठल्यावर अजून बधिर. हुतात्मा एक्स्प्रेसनं पहाटे पुण्याला जाऊन रात्री परत, किंवा सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई, असा आठवडा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली अपॉइंटमेंट अकराची द्या, आकाश कोसळत नाही.

चालण्यासाठी वेळ "काढायचा" हा विचारच मला पटत नाही, तो चिकटवायचा असतो. लंडनमध्ये १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. एकच बस, एकच कंपनी, पण दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त आणि जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. कंडक्टर काही व्यायाम करत नव्हता, तिकीट फाडत होता. माझ्या डोळ्यासमोर अक्कलकोट रोडचा कारखाना येतो, कामगार चार मागांच्या मधे पाळीभर येरझाऱ्या घालतो आणि शेठ काचेच्या केबिनमध्ये बसून असतो. कामगाराला धूळ आणि आवाज आहे, त्याचे हाल वेगळे, पण त्याच्या पायांना काम आहे. तुमचे फोन किती असतात दिवसात? चार्जर सोडून उभं राहून, चालत घ्या. फाइल मागवू नका, उठून आणा. गाडी ऑफिसच्या दारात लावायचा हट्ट सोडा, नवी पेठेत तशीही जागा मिळत नाही.

आणि एक, तुम्ही मालक आहात म्हणून. डब्ल्यूएचओ आणि आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) यांनी २०२१ मध्ये मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकारानं जाण्याचा १७ टक्क्यांनी. तुमचे तास मोजले तर सहा दिवसांचे ७० च्या आसपास जातात. हे मी वहीनं भरून काढू शकत नाही, कुठल्याच पालेभाजीनं पण नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलमच घातलं होतं की सलग पाच तासांच्या वर काम नाही, मधे किमान अर्धा तास सुट्टी. मागावरच्या कामगाराला कायद्यानं अर्धा तास दिला, आणि शिकलेला माणूस कॉम्प्युटरसमोर डबा उघडून एका हातानं जेवतो. तुम्ही असं जेवलात की तुमचे आर्टिकलवाले, म्हणजे हाताखाली शिकणारी मुलं, पण तसंच जेवतात, तुम्ही रात्री साडेदहाला मेसेज टाकलात की ते पण जागे. ऑफिसात दीड ते दोन फोन सायलेंट, सगळ्यांचे, एवढा नियम लावून बघा. एका वकिलांनी लावला, पक्षकार दोन-चार दिवस कुरकुरले आणि मग दोननंतर फोन करायला लागले. क्लायंट कमी करायचे की माणूस वाढवायचा, की फी वाढवून दोन्ही, हे मी सांगायचं नाही, पण हा तब्येतीचाच प्रश्न आहे एवढं धरा.

छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, धाप, यातलं काही आलं तर ते वहीत लिहायचं नाही आणि "गॅस झालाय" म्हणून सोडा प्यायचा नाही. १०८ लावा नाहीतर कुणाला तरी घेऊन तडक हॉस्पिटलला, स्वतः गाडी चालवत नाही.

जिमचं राहिलं. उरलेली फी गेली समजा, ती वसूल करायला जाऊ नका. पण हातापायाला जोर लागेल असं काहीतरी आठवड्यातून दोनदा हवंच, उठाबशा, भिंतीला टेकून दंड, पाण्याची कॅन उचलणं, घरी पंधरा मिनिटांत होतं. पहिले सहा आठवडे तेही नको, आधी तीन आकडे बसू द्या. घड्याळ घेऊ का असं बरेच जण विचारतात. घ्या, पण पावलं मोजायला म्हणून, झोपेचा स्कोअर बघून सकाळी खचायला नाही. माझं पण आहे एक, मुलीनं दिलेलं. मास्तरांना दाखवलं तर म्हणाले छान आहे, वही कुठाय.